पप्पांच्या खिशातला नंबर: विडी सोडवायला मोबाइल खरंच मदत करतो का?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

आजचा विषय तसा टेक्नॉलॉजीचा आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझे पप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, बारा-बारा तास. आणि मला आठवतंय तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात दोन गोष्टी असायच्याच. विडीचं बंडल आणि काडेपेटी.

मी बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो. सगळ्या इंजिनिअर मुलांना एकदा येतो तसा मलाही भ्रम आला, की घरातला कुठलाही प्रश्न ॲप बनवून सुटतो. म्हणून मी पप्पांसाठी विडी सोडवायचं ॲप बनवलं. ते सपशेल फसलं. का फसलं, आणि नंतर जे थोडंफार जमलं ते कशामुळे, हे आज सांगणार आहे. मध्ये थोडे आकडे येतील, थोडं एसएमएसचं गणित येईल. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

आधी विडी समजून घेऊ

आपल्याकडे ‘धूम्रपान’ म्हटलं की पोस्टरवर सिगारेट असते. पण भारतात विडी ओढणारे सिगारेटवाल्यांपेक्षा जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात, ज्याला ‘गॅट्स’ म्हणतात, १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. काहीजण दोन्ही ओढतात, म्हणून बेरीज जुळत नाही. आणि विडी हा मुख्यतः कष्टकऱ्यांचा, कमी पैशातला शौक आहे.

‘बिडी म्हंजे पानच की रं, शिग्रेटीसारखा कागुद न्हाई,’ असं पप्पा म्हणायचे. तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल. तेंदूचं पान आहे, खरंय. तंबाखूही सिगारेटपेक्षा कमी असते. पण ते पान नीट जळत नाही. विझू नये म्हणून सारखे आणि जोरात झुरके मारावे लागतात. त्यामुळे निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात सिगारेटपेक्षा कमी जात नाही, बऱ्याचदा जास्तच जातं.

आता व्यसनाचं यंत्र कसं चालतं ते बघा. झुरका मारल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. इतक्या पटकन बक्षीस मिळालं की मेंदू ते शिकतोच. पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा. पुन्हा विडी, पुन्हा बरं वाटतं. पप्पांना वाटायचं की विडीने टेन्शन जातं. खरं तर त्यातलं बरंचसं टेन्शन मागच्या विडीनेच आणलेलं असायचं.

सोडल्यावर सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. मग दोन ते चार आठवड्यांत तो हळूहळू ओसरतो. आणि प्रत्येक तलफ, म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता पाहिजे’ वाली लाट, सहसा काही मिनिटांचीच असते. ही ‘काही मिनिटं’ लक्षात ठेवा. आजचा सगळा विषय त्याच मिनिटांचा आहे.

माझं ॲप आणि बेचाळीस हिरवे दिवस

माझ्या ॲपमध्ये काय नव्हतं! वाचलेल्या पैशांचा काउंटर होता. बंडलाचे २५ रुपये धरले तर वर्षाला ९,१२५ रुपये, हे मोठ्या अक्षरात. फुप्फुसाचं चित्र होतं. रोज रात्री एक प्रश्न यायचा: ‘आज विडी ओढली का?’ ‘नाही’ दाबलं की त्या दिवसाचा चौकोन हिरवा. सलग हिरव्या दिवसांची मोजणी, वर बॅज. आणि पुण्यात बसून ते सगळं मला माझ्या फोनवर दिसायचं.

माझा जुना स्मार्टफोन पप्पांना दिला, ॲप टाकून दिलं. पहिल्या दिवशी हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा. असे सलग ४२ दिवस हिरवे. मी ऑफिसमध्ये मित्रांना स्क्रीनशॉट दाखवत होतो.

मग दिवाळीला घरी गेलो. पप्पांचा शर्ट धुवायला टाकताना आईने नेहमीच्या सवयीने खिसा रिकामा केला. बंडल निघालं. अर्धं संपलेलं.

मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा लाज वाटली. आई म्हणाली, ‘तुला वाईट वाटंल म्हणून दाबत होते ते हिरवं. घरी आले की आधी फोन काढायचे, हिरवं दाबायचे, मग जेवायचे.’

यात दोन चुका होत्या, दोन्ही माझ्या. पहिली म्हणजे तो स्मार्टफोन पप्पा कामावर नेतच नव्हते. मागाच्या शेडमध्ये कापसाचा भुसा उडतो, फोन खराब होईल म्हणून तो घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. कामावर त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. म्हणजे तलफ यायची कारखान्याबाहेरच्या टपरीवर, आणि माझं ॲप घरी कपाटात!

दुसरी चूक मोठी होती. मी मदत म्हणून पाळत ठेवली होती. बापाला रोज रात्री मुलासमोर हजेरी द्यायला लावली होती. एकदा विडी ओढली की काउंटर शून्यावर जाणार, आणि ते मुलगा बघणार. असं असताना कुठला बाप खरं सांगेल?

मग फोनने काही होतच नाही का?

ॲप फसल्यावर मी शेवटी ते केलं जे आधी करायला हवं होतं. अभ्यास वाचले.

यातला एक गाजलेला प्रयोग ब्रिटनमधला आहे, ‘टेक्स्ट-टू-स्टॉप’. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ५,८०० धूम्रपान करणारे लोक होते. दोन गट पाडले. एका गटाला सोडायला मदत करणारे एसएमएस, दुसऱ्या गटाला नुसते साधे, सोडण्याशी संबंध नसलेले एसएमएस. मदतीच्या गटाला पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज, नंतर २६ आठवडे आठवड्याला तीन. सहा महिन्यांनी ज्यांनी ‘सोडली’ म्हटलं त्यांची लाळ तपासली, माझ्यासारखं हिरव्या चौकोनावर विसंबून राहिले नाहीत. निकाल: मदतीच्या गटात १०.७ टक्के लोक टिकले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. दुपटीहून जास्त, तेही नुसत्या एसएमएसवर.

या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. तलफ आली की माणूस ‘क्रेव्ह’ एवढा एक शब्द पाठवू शकत होता, लगेच उत्तर यायचं. आणि मोडलं, म्हणजे एखादी ओढली गेली, तर ‘लॅप्स’ हा शब्द पाठवायचा. तिथेही उत्तर यायचं, पुन्हा उभं करणारं. म्हणजे मोडणं हे सिस्टिममध्ये आधीच धरलेलं होतं. माझ्या ॲपमध्ये मोडणं म्हणजे शून्य.

पुढे २०१९ मध्ये कॉक्रेनने अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. फारशी मदत नसलेल्यांच्या तुलनेत एसएमएस मिळणाऱ्यांचं सोडण्याचं प्रमाण साधारण दीडपट निघालं. आणि स्मार्टफोन ॲप? त्या वेळी जमलेल्या पाच अभ्यासांत ॲपचा जास्तीचा फायदा दिसला नाही. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेलो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. १०.७ टक्के म्हणजे शंभरातले जवळपास नव्वद जण सहा महिन्यांनी परत ओढतच होते. कुठल्याही मदतीशिवाय, नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला गेलं, तर एका प्रयत्नात वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात नाही जमलं, तर तो माणूस कमजोर आहे असं नाही. बहुतेकांचं असंच होतं. मदतीचं काम हे, की प्रत्येक प्रयत्नात शक्यता थोडी वाढवायची आणि पुढच्या प्रयत्नापर्यंत माणसाला सोडायचं नाही.

गरिबाला वेगळं काय लागतं?

‘गरीब लोकांना सोडायचीच नसते,’ असं मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. चूक आहे. त्याच गॅट्स सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडायचा विचार करत होते. इच्छा असते. फरक पडतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी. पाळी बारा तासांची. विश्रांती म्हणजे टपरी, आणि टपरीवर सगळेच ओढणारे. डॉक्टरकडे जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. पैशाचं टेन्शन रोजचंच.

आणि फोनचं म्हणाल तर, आपल्याला वाटतं आता सगळ्यांकडे फोन आहे. फोन आहे, पण कसा?

एक, फोन साधा असू शकतो. दोन, एका फोनवर दोन-तीन माणसं असू शकतात. तीन, नंबर बदलतो. चार, रिचार्ज. २०१८ च्या शेवटापासून इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज मारावं लागतं. तंगीच्या महिन्यात ते राहून जातं, आणि मदतीचा फोन येणारच नाही! पाच, वाचन. पप्पा चौथी शिकलेत. पाटी वाचतात, पण तीन ओळींचा मेसेज वाचायचा कंटाळा करतात.

वाचनावरून एसएमएसचं गणित सांगतो, हे माझं आवडतं आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांचं, म्हणून १६० अक्षरं बसतात. पण देवनागरीचं एक चिन्ह १६ बिटांचं, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं, फोन ते सहा मोजतो. ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात आणि पाठवणाऱ्याला प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणजे तोच सल्ला मराठीत पाठवणं इंग्रजीपेक्षा दुप्पट-तिप्पट महाग. ज्याला मराठीतच हवाय, त्याच्यासाठीच महाग!

मी ॲपनंतर पप्पांच्या साध्या फोनवर एसएमएस पाठवायला सुरुवात केली होती. पहिलाच मेसेज एवढा लांब लिहिला की त्याचे तीन तुकडे झाले. पप्पांनी आईला विचारलं, ‘ह्यो पोरगा कशाला एवढं लिव्हतोय?’

मिस्ड कॉल: आपला देशी शोध

आता चांगली बातमी. या सगळ्या अडचणींवर उत्तर म्हणून आपल्याकडे एक फार हुशार गोष्ट आधीपासून आहे. मिस्ड कॉल.

‘पोचलो की मिस्ड कॉल देतो,’ हे आपण सगळ्यांनी केलंय. यात तांत्रिक गंमत अशी, की समोरच्याने फोन उचलायच्या आधीच तुमचा नंबर त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. फोन उचललाच नाही, म्हणून पैसे कुणाचेच नाहीत. पण ‘या नंबरच्या माणसाला काहीतरी हवंय’ हा निरोप पोचला. ना इंटरनेट, ना ॲप, ना लॉगिन.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचा ‘बी हेल्दी, बी मोबाइल’ नावाचा उपक्रम आहे. त्यांच्या साथीने आपल्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये ‘एम-सेसेशन’ सुरू केलं. नंबर ०११-२२९०१७०१. मिस्ड कॉल द्यायचा, मग नोंदणी होते आणि सोडायला मदत करणारे एसएमएस येतात. पहिल्या काही वर्षांतच २० लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली.

पण ज्याला वाचायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी? त्याच्यासाठी दुसरी सोय आहे, आणि पप्पांच्या बाबतीत खरा फरक तिथे पडला.

मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन सुरू झाली. टोल-फ्री नंबर १८००-११-२३५६. फोनवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बेंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं कॅन्सर रुग्णालय ही केंद्रं जोडली गेली, म्हणजे आपल्या भाषेत बोलायची सोय वाढली. आणि सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापणं सक्तीचं झालं.

म्हणजे बघा. मी पुण्यात बसून रात्री दोन-दोनपर्यंत कोड लिहीत होतो, आणि मदतीचा नंबर नियमाप्रमाणे त्या बंडलावरच छापलेला असणार होता. पप्पांच्या खिशात. मी त्यांना विचारलं, ‘पप्पा, हा नंबर कधी बघितला नाही?’ ते म्हणाले, ‘बघितला की. मला वाटलं तक्रारीचा नंबर हाय.’

तो फोन

सुट्टीच्या दिवशी आम्ही फोन लावला. मी नंबर फिरवला, मराठीत बोलायचंय असं सांगितलं, आणि फोन पप्पांच्या हातात दिला. मग मी घराबाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो. हे मुद्दाम केलं. ॲपच्या वेळची चूक परत करायची नव्हती.

पंधरा-वीस मिनिटांनी ते बाहेर आले. काय बोलणं झालं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं. दिवसाला किती ओढता? झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिली लागते? (हा प्रश्न महत्त्वाचा. उठल्या-उठल्या पाच मिनिटांत लागत असेल तर शरीराची सवय खोल गेलीय असं समजतात.) आधी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का, तेव्हा कशामुळे मोडलं? का सोडायचीय?

आणि पप्पांनी सगळं खरं सांगितलं. बेचाळीस दिवसांसकट. कधीही न बघितलेल्या माणसाला. मी विचारलं, ‘त्यांना कसं काय सांगितलं?’ तर म्हणाले, ‘ती बाई काय माझी लेक न्हाई. तिला वाईट वाटायचं काय कारण?’

मित्रांनो, मला ही गोष्ट कुठल्याच कोडिंगच्या कोर्समध्ये कुणी शिकवली नव्हती. कधीकधी परकं असणं हेच त्या सिस्टिमचं सगळ्यात मोठं फीचर असतं.

मग त्यांनी सोडायचा दिवस पप्पांनाच ठरवायला सांगितला. पप्पांनी दिवसपाळी सुरू होते तो सोमवार निवडला, कारण रात्रपाळीत जास्त ओढली जाते हे त्यांना माहीत होतं. तलफ आली तर काय करायचं तेही ठरलं: पाच मिनिटं थांबायचं, घोट-घोट पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, हाताला दुसरं काम द्यायचं. खिशात बंडलाच्या जागी बडीशेप आणि लवंग. टपरीवर न जाता चहा कारखान्यातच मागवायचा. एका साथीदाराला आधीच सांगून ठेवायचं, ‘मला देऊ नको.’

वाचायला साधं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण ‘बाबा, सोडा ना’ आणि ‘सोमवारी सकाळी चहाच्या वेळी तुम्ही कुठे उभे राहणार?’ यात फार फरक आहे.

मोडलं, आणि परत फोन आला

तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं, आईशी भांडण झालं, जेवण टाकून उठले. ते अपेक्षितच होतं. पहिला आठवडा निघाला. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आली. अकराव्या रात्री माग बंद पडला, मालकाशी शब्दाला शब्द झाला, आणि पप्पांनी साथीदाराकडून दोन विड्या मागून ओढल्या.

माझ्या ॲपमध्ये इथे शून्य आलं असतं आणि गोष्ट संपली असती. पण क्विटलाइनची पद्धत अशी, की आपण एकदा फोन करायचा, मग ठरलेल्या टप्प्यांवर त्यांच्याकडून फोन येतो. पुढच्या फोनवर पप्पांनी सांगून टाकलं. ‘ओरडल्या का?’ मी विचारलं. ‘न्हाई. इचारलं, ओढायच्या आदल्या अर्ध्या तासात काय झालं?’ भांडण झालं होतं. मग भांडणानंतर काय करायचं, यावर बोलणं झालं. दोन विड्या म्हणजे पाय घसरला. पुन्हा रोजचं बंडल सुरू झालं, तर पडलो. घसरणं आणि पडणं यात जो वेळ असतो, तेवढ्यात कुणीतरी फोन करणं, हीच मदत.

याचाही अभ्यास आहे. हेल्पलाइनला फोन करणाऱ्यांना नंतर पुन्हा पुन्हा फोन करून साथ दिली, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर जातं, असं कॉक्रेनच्या आढाव्यात दिसतं. आकडा छोटा वाटेल. पण ते जास्तीचे तीन टक्के म्हणजे शंभर घरांमागे तीन घरं.

आमच्याकडे मध्ये एक महिना गडबड झाली. पप्पांचं रिचार्ज संपलं, इनकमिंग बंद. शिवाय मागाच्या आवाजात रिंग ऐकूच येत नाही, म्हणून आधीचे फोनही कधी कधी हुकत होते. मग मी दोन गोष्टी केल्या. त्यांच्या नंबरवर जास्त दिवसांचा रिचार्ज मारला. आणि पुन्हा फोन लावून पाळी सुटल्यानंतरची वेळ सांगायला लावली. पूर्ण ॲपपेक्षा माझं हे योगदान जास्त उपयोगी ठरलं. इंजिनिअरिंगची डिग्री अशी वाया गेली म्हणा!

तुम्ही काय करू शकता

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः ओढत नसतील, पण घरात पप्पा, मामा, आजोबा, सोसायटीचे वॉचमन काका, कुणीतरी असेल. त्यांच्यासाठी:

१. नंबर सेव्ह करून द्या: १८००-११-२३५६. तो तक्रारीचा नंबर नाही, मदतीचा आहे आणि फुकट आहे, हे तोंडाने सांगा.

२. पहिला फोन तुम्ही लावून द्या, आणि मग तिथून उठा. खरंच उठा.

३. त्यांचा रिचार्ज संपू देऊ नका. परत फोन यायची वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे सांगायला लावा.

४. रोज ‘आज ओढली का?’ विचारू नका. ‘आज जास्त त्रास झाला का?’ विचारा.

५. मोडलं तर ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य गिळा.

६. विडी सुटली आणि मावा किंवा तंबाखू-चुना लागला, असं होऊ देऊ नका. महाराष्ट्रात तर ही भीती जास्त आहे. निकोटीन तेच, कॅन्सरचा धोकाही आहेच.

७. सवय खूप खोल असेल तर निकोटीनचं च्युइंगगम असतं. २ मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात मिळतं. ते गोळीसारखं सारखं चघळायचं नसतं. थोडं चावायचं, मग गालात ठेवायचं. हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. आणि खोकल्यातून रक्त येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर हेल्पलाइनची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि तुम्ही स्वतः ओढत असाल तर हा एपिसोड तुमच्यासाठीही तितकाच आहे. सोडल्यावर दिवसभरातच रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका साधारण निम्म्यावर येतो. उशीर झालाय असं कधीच नसतं.

आता पप्पांना सात महिने झालेत. पुढे काय होईल, मी छातीठोकपणे सांगणार नाही. आकडे तुम्हीही ऐकलेत. ॲप मी त्यांच्या फोनमधून काढून टाकलंय. मागच्या रविवारी फोनवर बोलताना त्यांनीच सांगितलं की त्यांच्या खात्यातल्या एका साथीदाराला त्यांनी तो नंबर दिला, सुट्टीच्या वेळी स्वतःच्या फोनवरून लावून दिला, आणि मग टपरीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

‘पलीकडं का?’ मी विचारलं.

‘आरं, बोलू दे की त्याला मोकळं.’

चला मित्रांनो, आज एवढंच. एपिसोड पुढे पाठवा, पण त्याआधी तो नंबर एकदा सेव्ह करा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.